स्ट्रायकर उपाशी का राहतो? फुटबॉल मॅनेजरमध्ये फॉर्मेशन आणि स्ट्रायकरचा रोल कसा निवडायचा

फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवण्याच्या संगणक गेममध्ये नवा सेव्ह (नवा डाव) सुरू झाला की बहुतेकांचा हात आधी ४-२-३-१ वर जातो: चार बचावपटू, दोन मिडफिल्डर, त्यांच्यापुढे तिघे आणि एक स्ट्रायकर. वर एक ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड (बचावफळीच्या मागे पळणारा स्ट्रायकर) बसवला जातो. दहा सामने होतात आणि त्याच्या नावापुढे दोन गोल आणि दहापैकी ६.५ चं रेटिंग दिसतं. मग त्याला विकून दुसरा आणला जातो आणि त्याचीही तीच गत होते. दोष बहुतेक वेळा त्या पोराचा नसतो. त्याला चेंडू कुठे, कोणाकडून आणि किती मोकळ्या जागेत मिळणार हे कोणी ठरवलेलंच नसतं. या गेममध्ये स्ट्रायकरचा रोल म्हणजे त्याच्या मागे आणि बाजूला असलेल्या चार जणांच्या रोलला दिलेलं उत्तर. म्हणून निवड त्या चौघांपासून सुरू करायची.

खालची पद्धत फुटबॉल मॅनेजर २०२४ धरून लिहिली आहे. २०२५ची आवृत्ती रद्द झाल्यामुळे अनेकांचे सेव्ह अजून त्यावरच चालू आहेत. २०२६च्या आवृत्तीत काय बदललं, ते शेवटाकडे येईल.

स्क्रीनवरची आकृती चेंडू नसतानाची असते

ही एक गोष्ट नीट समजली की निम्मा गोंधळ मिटतो. टॅक्टिक्सच्या पानावर अकरा ठिपके ज्या जागी दिसतात, त्या जागा म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असताना तुमचे खेळाडू जिथे परततात त्या. चेंडू तुमच्याकडे आला की आकृती बदलते, आणि ती कशी बदलेल हे रोल (खेळाडूला दिलेलं काम) आणि ड्युटी (डिफेंड, सपोर्ट की अटॅक, म्हणजे तो किती पुढे जाईल) ठरवतात.

४-२-३-१चंच बघा. त्यात दोन्ही विंगर (कडेचे आक्रमक) मिडफिल्डच्या वरच्या ओळीत असतात, म्हणजे चेंडू गेल्यावर त्यांची परतायची जागाही वरच असते. प्रतिस्पर्ध्याचा फुलबॅक (कडेचा बचावपटू) आणि विंगर मिळून तुमच्या एकट्या फुलबॅकवर चालून येतात. ‘डाव्या बाजूने सारखे क्रॉस येतात, बचाव कच्चा आहे’ अशी तक्रार ऐकू येते, पण कच्ची असते ती आकृती. तेच विंगर एक ओळ खाली ओढून ४-४-१-१ केलं की फुलबॅकला सोबत मिळते. बदल्यात काय जातं? चेंडू हिसकावल्यावर स्ट्रायकरच्या जवळ असणारे दोघे आता वीस-पंचवीस मीटर मागे असतात. मग वर जो एकटा उरतो त्याला चेंडू धरून ठेवता तरी आला पाहिजे, नाहीतर एकट्याने पळता तरी आलं पाहिजे. विंगर एक ओळ खाली आले आणि स्ट्रायकरचा रोल बदलला.

तर आकृती निवडताना पहिला प्रश्न ‘आपण हल्ला कसा करणार’ हा नाही. ‘चेंडू नसताना कुठल्या जागा झाकायच्या आहेत’ हा आहे.

पायरी पहिली: खेळाडू वाचायचे, तारे नाही

प्रशिक्षकांच्या अहवालातले तारे तुमच्याच संघाच्या तुलनेत असतात. कमकुवत संघातला चार ताऱ्यांचा स्ट्रायकर मोठ्या संघात दीड ताऱ्यावर येतो. रोलच्या शेजारी दिसणारं हिरवं वर्तुळ म्हणजे तो खेळाडू त्या रोलला किती ओळखतो एवढंच. तो रोल त्याला चांगला जमतो याची ती हमी नव्हे. खरं काम करतात ते १ ते २० मधले आकडे.

स्ट्रायकरचं पान उघडा आणि सगळे आकडे न बघता चार प्रश्न विचारा.

पळू शकतो का? ॲक्सिलरेशन आणि पेस. पहिले पाच-दहा मीटर ॲक्सिलरेशनचे, पुढचं अंतर पेसचं. बचावफळीच्या मागे जायचं तर पहिलं जास्त महत्त्वाचं.

कधी पळायचं हे कळतं का? ऑफ द बॉल आणि अँटिसिपेशन. पेस १६ आणि ऑफ द बॉल ८ असा पोरगा म्हणजे वेगाने चुकीच्या जागी पोहोचणारा पोरगा. ऑफसाइडच्या आकड्यात त्याचं नाव सगळ्यांत वर दिसेल.

पाठीवर सेंटर-बॅक (मधला बचावपटू) असताना चेंडू राखतो का? फर्स्ट टच, स्ट्रेंग्थ, बॅलन्स, कम्पोजर.

आणि चेंडू दुसऱ्याला देतो का? पासिंग, व्हिजन, डिसिजन्स, टीमवर्क.

फिनिशिंगचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे. नवखे सगळ्यांत आधी तोच आकडा बघतात, पण चेंडू पेटीत (गोलसमोरच्या चौकोनात) मिळालाच नाही तर फिनिशिंग १७ असून उपयोग काय? शिवाय समोर गोलकीपर एकटा असताना फिनिशिंगइतकंच कम्पोजरही लागतं.

हेडरच्या बाबतीत आणखी एक गैरसमज असतो. खेळाडू सहा फूट तीन इंच उंच आहे म्हणून तो हवेत जिंकेल असं नाही. चेंडूपर्यंत पोहोचायचं काम जम्पिंग रीच करतो, आणि पोहोचल्यावर चेंडू कुठे जाईल ते हेडिंग ठरवतं. जम्पिंग रीच ९ असलेला उंच खेळाडू टार्गेट फॉरवर्ड (लांब चेंडू उतरवणारा स्ट्रायकर) म्हणून लावलात तर गोलकीपरच्या प्रत्येक लांब किकवर चेंडू समोरच्याला बहाल करताय असं समजा.

‘नेहमी चेंडू घ्यायला खाली येतो’, ‘ऑफसाइडचा सापळा चुकवायला बघतो’, ‘गोलकडे पाठ करून खेळतो’ अशा सवयीही वाचा. रोल काहीही द्या, सवय सुटत नाही. खाली यायची सवय असलेल्याला पोचर (पेटीतच थांबणारा स्ट्रायकर) केलं तर तो मैदानभर आपल्याच सूचनेशी भांडत राहतो.

पायरी दुसरी: पाच वर, पाच खाली

फॉर्मेशनचे आकडे बाजूला ठेवा. गोलकीपर सोडून दहा जण उरतात. तुमच्याकडे चेंडू असताना त्यांतले साधारण पाच जण प्रतिस्पर्ध्याच्या पेटीच्या आसपास जातील आणि पाच जण मागे राहून प्रतिहल्ला अडवतील, असा हिशेब करा. आक्रमक संघ सहा-चार करतात, पण ते परवडायला मागचे चार फार चांगले लागतात.

वरच्या पाच जणांना मैदानाच्या पाच उभ्या पट्ट्या वाटून द्या: दोन कडा, दोन आतल्या पट्ट्या आणि मधली. एका पट्टीत दोघे आणि दुसरी रिकामी असं झालं की हल्ला तिथेच गुदमरतो. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक अशी: डावीकडे इनसाइड फॉरवर्ड आत येतो, त्याच आतल्या पट्टीत मेझाला रोलचा मिडफिल्डर वर येतो, आणि डावा बॅक मागे थांबतो. डावी कड मोकळी, प्रतिस्पर्ध्याचा उजवा बॅक निवांत आत सरकलेला, आणि तुमचा स्ट्रायकर चार बचावपटूंच्या घोळक्यात.

खालच्या पाच जणांचा हिशेब सोपा आहे. दोन सेंटर-बॅक, एक होल्डिंग मिडफिल्डर (बचावफळीसमोर थांबणारा), आणखी दोघे. ते दोघे कुठून काढायचे हे तुमच्या हातात. एक फुलबॅक मागे ठेवा, किंवा इनव्हर्टेड विंग-बॅक करून मध्ये आणा. दुसरा म्हणून मागे राहणारा प्लेमेकर (पासने खेळ रचणारा) चालतो. दोन्ही फुलबॅकना अटॅक ड्युटी आणि समोर एकटा होल्डिंग मिडफिल्डर असं केलंत, तर तीन-शून्यने जिंकाल किंवा चार-तीनने हराल. हराल त्या दिवशी चारपैकी तीन गोल एकसारखे असतील.

पायरी तिसरी: आता स्ट्रायकर

पाच पट्ट्यांचा हिशेब झाला की एकच प्रश्न उरतो: बचावफळीच्या मागे पळणारा कोण? तो स्ट्रायकर स्वतः असेल तर बाकीच्यांनी चेंडू पुरवायचा. विंगर किंवा मिडफिल्डर पळणार असतील तर स्ट्रायकरने खाली येऊन त्यांना जागा करून द्यायची. सगळे पळाले तर पास देणारा राहत नाही, आणि सगळे खाली आले तर पास घेणारा राहत नाही. सगळ्या रोलचं मूळ या दोन ओळींत आहे.

ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड हा फक्त अटॅक ड्युटीत येतो. तो सेंटर-बॅकच्या खांद्यावर उभा राहतो, सेंटर-बॅक आणि फुलबॅकच्या मधल्या फटीत घुसतो, चेंडू घेऊन पळतो. त्याला दोन गोष्टी लागतात: मागे मोकळी जागा, आणि वेळेवर पास देणारा कोणीतरी. तुमचा संघ प्रतिहल्ला करणारा असेल, किंवा प्रतिस्पर्धी बचावफळी उंच लावत असेल, तर याच्यासारखा दुसरा नाही. पण समोरचे अकराही जण पेटीत उतरून बसले की ज्या जागेवर तो जगतो तीच जागा नाहीशी होते. पहिल्या मोसमात वीस गोल मारणारा दुसऱ्या मोसमात आठवर का आला, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. तुमची प्रतिष्ठा वाढली आणि समोरचे संघ मागे बसायला लागले. पोरगा बिघडलेला नाही.

पोचर त्याहून आळशी, आणि तेच त्याचं वैशिष्ट्य. संघ चेंडू फिरवतो त्यात तो भाग घेत नाही, पेटीत थांबतो. २००७च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानने लिव्हरपूलला २-१ने हरवलं. दोन्ही गोल फिलिप्पो इन्झागीचे होते आणि एकही मैदान गाजवणाऱ्या धावेनंतर झालेला नव्हता. पोचर लावायचा तर मागे पुरवठा करणारे तिघे-चौघे भक्कम हवेत. फिनिशिंग, अँटिसिपेशन, ऑफ द बॉल, कम्पोजर हे चारही चांगले आणि बाकी सगळं सुमार, असा खेळाडू हाती लागला तर त्याला हाच रोल द्या. एकट्या स्ट्रायकरच्या फॉर्मेशनमध्ये पोचर म्हणजे मात्र उरलेल्या नऊ जणांनी खेळणं. दोन स्ट्रायकर असतील तर तो शोभतो.

डीप-लाइंग फॉरवर्ड खाली येतो, चेंडू धरतो, आजूबाजूच्यांना येऊ देतो. सपोर्ट ड्युटीत तो दोन ओळींना जोडणारा सांधा असतो, अटॅक ड्युटीत चेंडू सोडल्यावर पुन्हा पेटीकडे निघतो. फर्स्ट टच, पासिंग, टेक्निक, टीमवर्क. वेग कमी असला तरी चालतो, म्हणून तिशी ओलांडलेल्या चांगल्या स्ट्रायकरची दोन-तीन वर्षं या रोलने वाढतात. छोट्या संघांसाठी आमच्या मते हा सगळ्यांत कमी धोक्याचा रोल आहे.

फॉल्स नाइन फक्त सपोर्टमध्ये येतो आणि डीप-लाइंग फॉरवर्डपेक्षाही खाली, जवळपास मिडफिल्डमध्ये उतरतो. २ मे २००९ रोजी बार्सिलोनाने बर्नाबेऊवर रेआल माद्रिदला ६-२ने धुतलं, तेव्हा मेस्सी असाच मधून खाली येत होता. माद्रिदच्या सेंटर-बॅकनी त्याच्या मागे जावं तर पाठीमागे भगदाड, न जावं तर तो मोकळा. पण त्या भगदाडात पळायला कडेला आन्री आणि एटो होते, हे विसरू नका. गेममध्ये फॉल्स नाइन लावून दोन्ही कडांना सपोर्ट ड्युटीचे विंगर ठेवणारे पुष्कळ आहेत. ६५ टक्के चेंडू आपल्याकडे, चारशे पास, आणि पेटीत चिटपाखरू नाही! फॉल्स नाइन हवा तर किमान दोघे अटॅक ड्युटीत लागतात. डावा इनसाइड फॉरवर्ड आणि एक मिडफिल्डर ही जोडी उत्तम.

टार्गेट फॉरवर्डला लोक जुनाट समजतात. २०१८च्या विश्वचषकात ऑलिव्हिए जिरूने एकही गोल केला नाही, गोलच्या रोखाने त्याचा एकही फटका गेला नाही, आणि फ्रान्स विश्वविजेता झाला. एम्बापे आणि ग्रीझमन यांचे चार-चार गोल झाले. जिरूने सेंटर-बॅक अंगावर घेतले, लांब चेंडू उतरवले, जागा केली. गेममधला सपोर्ट ड्युटीचा टार्गेट फॉरवर्ड हेच काम करतो. तो लावलात तर त्याच्या गोलांचा आकडा बघून त्याला विकू नका. त्याच्या शेजारच्यांचे गोल मोजा. एक सावधगिरी मात्र हवी. हा रोल मैदानावर असला की बाकीचे त्याला शोधून लांब चेंडू टाकायला लागतात. छोट्या पासांचा खेळ हवा असेल तर हा रोल त्यात खडा टाकतो.

प्रेसिंग फॉरवर्ड, म्हणजे चेंडू असलेल्या बचावपटूंवर धावून दाब टाकणारा, तिन्ही ड्युटीत मिळतो. वर्क रेट, स्टॅमिना, अग्रेशन, टीमवर्क. गोल येतील ते वरकमाई. याची एक अट आहे: संघाची लाइन ऑफ एंगेजमेंट (जिथून दाब टाकायला सुरुवात होते ती रेषा) वर हवी आणि मागचेही प्रेस करणारे हवेत. संघ खाली बसलेला आणि हा एकटा चार बचावपटूंमागे धावतोय, हे दृश्य केविलवाणं असतं. ६०-६५ मिनिटांत तो दमतो, म्हणून बाकावर बदली तयार ठेवा आणि आठवड्यात दोन सामने असतील तर आलटून पालटून खेळवा.

कम्प्लीट फॉरवर्डचं नाव ऐकून भुलू नका. हा रोल खेळाडूला मोकळीक देतो, गुण देत नाही. पेस, ताकद, फर्स्ट टच, पासिंग, फिनिशिंग, हेडर सगळंच तुमच्या लीगच्या मानाने वरचं असेल तर त्याला बंधनं कशाला? पण सगळे आकडे ११-१२ असलेल्याला हा रोल म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. त्रेक्वार्तिस्ताबद्दल (मोकळा फिरून हल्ला रचणारा) इतकंच: तो बचावात जवळपास नसतो, बाकीचे नऊ जण त्याचं काम करायला तयार असतील तरच लावा.

दोन स्ट्रायकर असतील तर

जोडीचा नियम साधा: एक पळणारा, एक जोडणारा. ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड आणि सपोर्टचा डीप-लाइंग फॉरवर्ड, पोचर आणि सपोर्टचा टार्गेट फॉरवर्ड, ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड आणि सपोर्टचा प्रेसिंग फॉरवर्ड. तिसरी जोडी लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये जगाला दाखवली. ४-४-२, पुढे जेमी व्हार्डी पळणारा आणि त्याच्या मागे शिंजी ओकाझाकी जीव तोडून प्रेस करणारा. व्हार्डीचे लीगमध्ये २४ गोल झाले आणि ८१ गुणांवर विजेतेपद आलं.

दोन ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड लावले की दोघेही एकाच ओळीत उभे राहतात आणि मिडफिल्डपासून त्यांच्यापर्यंत ओसाड पट्टा पडतो. चेंडू त्या पट्ट्यावरून लांबच टाकावा लागतो. याला अपवाद असतो, पण त्यासाठी मागे अटॅकिंग मिडफिल्डर हवा, म्हणजे डायमंड (मिडफिल्डचे चौघे हिऱ्याच्या आकारात). डायमंडमध्ये कडा फुलबॅकच्या भरवशावर असतात. त्यांचे स्टॅमिना आणि वर्क रेट १३-१४ च्या खाली असतील तर तो नाद सोडा.

डावीकडचा पळणारा की उजवीकडचा? ज्या कडेचा विंगर आत येऊन गोल करणारा आहे, त्या बाजूला जोडणारा स्ट्रायकर ठेवा, म्हणजे त्याने सोडलेल्या जागेत विंगर घुसतो. पळणारा दुसऱ्या बाजूला, जिथला विंगर कडेला राहून क्रॉस टाकतो.

एकच संघ, दोन स्ट्रायकर: पूर्ण मांडणी

समजा ४-३-३ आहे, मिडफिल्डच्या तळाशी एक होल्डिंग खेळाडू. तुमच्याकडे दोन स्ट्रायकर आहेत. पहिल्याचा पेस १५, ॲक्सिलरेशन १५, ऑफ द बॉल १३, फर्स्ट टच ९, पासिंग ७. दुसऱ्याचा फर्स्ट टच १४, पासिंग १३, टीमवर्क १४, पेस ८. फिनिशिंग दोघांचंही १२.

पहिला खेळत असताना तो ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड. डावीकडे उजव्या पायाचा इनव्हर्टेड विंगर सपोर्टवर, कारण आत येऊन फटीत पास देणारा हवा. त्याने सोडलेली कड डाव्या विंग-बॅकला अटॅक ड्युटीत. उजवीकडे सपोर्टचा विंगर कडेला. मिडफिल्डमध्ये डावा डीप-लाइंग प्लेमेकर, उजवा बॉक्स-टू-बॉक्स (दोन्ही पेट्यांमध्ये ये-जा करणारा). उजवा फुलबॅक डिफेंडवर. मोजा: वर स्ट्रायकर, दोन्ही विंगर, डावा बॅक, बॉक्स-टू-बॉक्स. खाली दोन सेंटर-बॅक, उजवा बॅक, होल्डिंग, प्लेमेकर. पाच-पाच. पास थोडे थेट, टेम्पो (खेळाचा वेग) जरा वर, आणि चेंडू मिळताच प्रतिहल्ल्याची सूचना.

दुसरा खेळत असताना फक्त नाव बदलून भागत नाही. तो सपोर्टचा डीप-लाइंग फॉरवर्ड. आता मागे पळणारे बाहेरून आणावे लागतात: डावीकडे इनसाइड फॉरवर्ड अटॅकवर, उजवा विंगरही अटॅकवर. बॉक्स-टू-बॉक्सच्या जागी अटॅक ड्युटीचा सेंट्रल मिडफिल्डर. डावा विंग-बॅक सपोर्टवर, कारण वर आता तिघे अटॅकवाले आहेत. उजवा बॅक डिफेंड ड्युटीचा इनव्हर्टेड विंग-बॅक, तो होल्डिंगच्या शेजारी येऊन उभा राहतो. पुन्हा मोजा, पुन्हा पाच-पाच. स्क्रीनवरची आकृती तीच ४-३-३, पण मैदानावर दोन वेगळे संघ दिसतील.

म्हणून टॅक्टिक्स जतन करायच्या तीन जागांपैकी दोन यासाठी वापरा: फॉर्मेशन एकच, रोल वेगळे. तिन्ही जागांवर तीन वेगळी फॉर्मेशन्स भरली की सराव विभागला जातो आणि एकही पूर्ण अंगवळणी पडत नाही. तिसऱ्या जागेवर त्याच आकृतीचं सावध रूप ठेवा, शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी. फॅमिलिअरिटीची पट्टी (टॅक्टिक संघाच्या किती अंगवळणी पडलं ते दाखवणारी) भरत आली नसेल तर निकालांवरून निष्कर्ष काढायचे नाहीत.

मेंटॅलिटी लपून काम करते

मेंटॅलिटी म्हणजे संघ किती आक्रमक खेळेल ते ठरवणारी सेटिंग. तिच्या सात पातळ्या आहेत, अगदी बचावात्मक ते अगदी आक्रमक. ती वाढवली की फक्त ‘जास्त हल्ला’ होत नाही. टेम्पो, रुंदी, बचावफळीची उंची आणि प्रत्येकाची धोका पत्करण्याची तयारी, सगळं एकदम सरकतं. अटॅकिंग मेंटॅलिटीत सपोर्ट ड्युटीचा फुलबॅकही बराच वर जातो, आणि मोजलेले पाच-पाच नकळत सात-तीन होतात. बॅलन्स्ड किंवा पॉझिटिव्हवर सुरुवात करा. गोल हवा असेल तर आधी एक ड्युटी बदला, मेंटॅलिटीला हात नंतर लावा.

सामना बघताना काय बघायचं

निदान पहिले पाच सामने तरी फक्त ठळक क्षणांवर काढू नका. विसाव्या मिनिटाच्या सुमारास, तुमच्या होल्डिंग मिडफिल्डरकडे चेंडू असताना खेळ थांबवा. त्याला पुढे पास द्यायला किती जण मोकळे आहेत? तीन असतील तर आकृती ठीक आहे. एकच असेल आणि तो कडेचा फुलबॅक असेल, तर मधला सांधा तुटला आहे. मग स्ट्रायकर कुठे आहे ते बघा. त्याच्यापासून सर्वांत जवळचा तुमचा खेळाडू पंधरा मीटरच्या आत हवा. तो तीस मीटरवर असेल तर रोल काहीही असो, पोरगा उपाशी आहे.

सामन्यानंतर फटके आणि एक्सजी (संधींच्या दर्जावरून अपेक्षित गोल) एकत्र वाचा. वीस फटके आणि एक्सजी १.० म्हणजे फटक्यामागे ०.०५, म्हणजे लांबून ठोकाठोकी. पेनल्टीचं एक्सजी साधारण ०.७५ ते ०.८ असतं, त्यावरून ०.०५ किती क्षुल्लक ते कळेल. अशा वेळी ‘चेंडू पेटीत न्या’ ही सूचना द्या आणि मिडफिल्डरना कमी फटके मारायला सांगा. फटके सहाच पण एक्सजी १.५ असेल आणि गोल शून्य, तर काहीच बदलू नका, पुढच्या सामन्याची वाट बघा. एका सामन्यानंतर सगळं पाडून नवं बांधणाऱ्यांचं टॅक्टिक कधीच उभं राहत नाही.

ऑफसाइड सामन्याला चार-पाच वेळा होत असेल तर पास उशिरा येतोय. टेम्पो वाढवा, किंवा प्लेमेकर बदला. स्ट्रायकरचा ऑफ द बॉल ११ च्या खाली असेल तर त्याला सपोर्ट ड्युटीत आणा. क्रॉस पंचवीस आणि यशस्वी दोन असतील तर पेटीत उंच माणूस नाही, आणि तरी तुम्ही उंच क्रॉस टाकताय. क्रॉस खाली ठेवायची सूचना द्या. समोरचे मागेच बसले असतील तर ॲडव्हान्स्ड फॉरवर्ड काढून डीप-लाइंग किंवा टार्गेट फॉरवर्ड आणा, आणि पळायचं काम एका मिडफिल्डरकडे द्या. आणि एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले आणि गोल झाले, तर कशामुळे झाले हे कळायला मार्ग नाही.

एफसी गोवा किंवा मुंबई सिटी घेतलं असेल तर

इंडियन सुपर लीगमध्ये फॉर्मेशनचा प्रश्न अर्धा परदेशी खेळाडूंच्या हिशेबाचा आहे. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू चालतात. दोन परदेशी स्ट्रायकर लावून ४-४-२ केलं की निम्मा कोटा पुढेच संपला, आणि सेंटर-बॅक, होल्डिंग मिडफिल्डर, प्लेमेकर यांत दोनच उरले. म्हणून इथे एक स्ट्रायकर, त्याच्या मागे एक परदेशी मिडफिल्डर, आणि मागे कणा उभा करणारे दोन, ही वाटणी जास्त टिकते. दोन्ही विंगर आणि फुलबॅक भारतीय ठेवा. वेगवान भारतीय विंगर मिळतात, चांगला फर्स्ट टच असलेला भारतीय स्ट्रायकर शोधणं जड जातं.

मग त्या एकट्या परदेशी स्ट्रायकरला गोल करायचेही आहेत आणि खेळ जोडायचाही आहे. गोव्याच्या प्रेक्षकांना हे नवं नाही. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या संघात फेरान कोरोमिनासने २०१७-१८ मध्ये १८ आणि २०१८-१९ मध्ये १६ गोल केले, दोन्ही मोसमांत लीगमध्ये सर्वाधिक. मागचे खेळाडू चेंडू राखून पुरवठा करत होते म्हणून ते जमलं. गेममध्ये अशा संघासाठी अटॅक ड्युटीचा डीप-लाइंग फॉरवर्ड, किंवा आकडे खरोखर वरचे असतील तर कम्प्लीट फॉरवर्ड. एक भारतीय स्ट्रायकर बाकावर ठेवून त्याला प्रेसिंग फॉरवर्डचा सराव द्या. शेवटच्या पंचवीस मिनिटांत आघाडी टिकवायची असताना तो आला की एक परदेशी जागा मोकळी होते आणि तिथे ताज्या दमाचा सेंटर-बॅक टाकता येतो.

२०२६च्या आवृत्तीत

नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीत चेंडू असतानाची आणि चेंडू नसतानाची आकृती वेगवेगळी मांडता येते, दोन्हींसाठी रोलही वेगळे असतात, आणि डिफेंड-सपोर्ट-अटॅक ड्युटी गेल्या. पाच-पाचचा हिशेब आता डोक्यात करावा लागत नाही, चेंडू असतानाच्या आकृतीत तो समोर दिसतो. पण नवी चूक करायची सोय झाली आहे: दोन आकृत्या एकमेकींपासून फार लांब ठेवल्या की चेंडू गेल्यावर खेळाडूंना जागेवर परतायला वेळ लागतो. चेंडू असताना पेटीत असलेला विंगर चेंडू गेल्यावर पाचवा बचावपटू व्हावा अशी अपेक्षा ठेवलीत, तर त्याचा स्टॅमिना आधी बघा. जुन्या सेव्हमधलं टॅक्टिक नव्यात उभं करताना आधी चेंडू नसतानाची आकृती मांडा, मग प्रत्येक खेळाडू चेंडू असताना फार तर एक ओळ किंवा एक पट्टी सरकेल अशी दुसरी. स्ट्रायकरची जागा सगळ्यांत शेवटी भरा.